गिरणीच्या गावाला आलेली माणसे

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे सविस्तर लिहून दिले आहे.)



अमेरिकेहून परत आलेल्या बाईने बोलावयाचे म्हटले म्हणजे नायगाराचा धबधबा, न्यूयॉर्कच्या उंच इमारती आणि तिकडे मिळणारी आयती चिरलेली भाजी यांचे वर्णन येणार, असा आपला समज असतो. चिटणीसबाईंनी मला विषयही ‘माझा अमेरिकेचा प्रवास’ असाच दिला आहे. पण खरे सांगावयाचे तर मी तेथे प्रवास असा केलाच नाही. मुलीच्या घरी सहा महिने राहिले, नातवाला सांभाळले, आणि दुपारी तो झोपला की खाली उतरून गाव पाहिले. तेव्हा ज्या एका गावात राहिले त्याचीच हकीकत सांगते. नायगारा आपण सर्वांनी चित्रात पाहिलेला आहे.

गावाचे नाव लोवेल. मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या वायव्येला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, मेरिमॅक नदीच्या काठी ते वसले आहे. २०२० च्या शिरगणतीत त्याची वस्ती १,१५,५५४ भरली. आपले सोलापूर २०११ सालीच साडेनऊ लाखांच्या घरात होते. म्हणजे लोवेल आपल्या मानाने एखादी मोठी पेठच. तिकडच्या हिशेबाने मात्र ते मध्यम शहर. मला ते पहिल्या दिवसापासून परके वाटले नाही, कारण नदीकाठाने एकीला लागून एक अशा लाल विटांच्या गिरण्या उभ्या आहेत, मध्येच धुराडे आहे, आणि गिरण्यांच्या मागे कामगारांच्या चाळी आहेत. सोलापूरच्या बाईला यात नवल ते काय वाटावे?

नवल दुसऱ्याच गोष्टीचे आहे. गिरण्या त्याच, चाळी त्याच, गल्ल्याही त्याच. पण त्यांत राहणारी माणसे दोनशे वर्षांत पाच-सहा वेळा बदलली. आणि दर वेळी आधी येऊन बसलेल्यांनी मागून आलेल्यांकडे बोट दाखवून म्हटले, की या लोकांनी पगार पाडले, या लोकांनी गाव बिघडविले. हे म्हणणे कितपत खरे आहे ते मी तेथल्या ग्रंथालयात आणि संग्रहालयात बसून थोडे पडताळून पाहिले. तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

मेरिमॅक नदी या ठिकाणी तीस-बत्तीस फुटांनी खाली उतरते. त्या धबधब्यापाशी पेनाकुक जमातीचे मूळचे लोक मासेमारीसाठी जमत असत. त्यांच्या वाट्याला पुढे काय आले ते सर्वश्रुत आहे. त्यांच्या एका नायकाचे नाव वॅनलॅन्सिट. ते नाव पुढे एका गिरणीला दिले गेले. जमीन घ्यावयाची आणि नाव तेवढे पाटीवर ठेवावयाचे, ही रीत सगळीकडे सारखीच दिसते.

फ्रान्सिस कॅबट लोवेल हा बॉस्टनचा व्यापारी १८१० साली इंग्लंडला गेला. त्या काळी इंग्रज आपल्या यंत्रांचे नकाशे देशाबाहेर जाऊ देत नसत. या गृहस्थाने यंत्रमाग डोळ्यांनी पाहून डोक्यात साठविला आणि घरी येऊन एका कुशल कारागिराच्या मदतीने तो पुन्हा उभा केला. १८१७ साली तो वारला. त्याच्या नावाचे गाव त्याने पाहिलेच नाही. त्याच्या भागीदारांनी १८२२ साली धबधब्याजवळ मेरिमॅक कंपनी काढली, पुढच्या वर्षी गिरणी चालू झाली, आणि १८३६ पर्यंत त्या शेतांचे रीतसर शहर झाले. पाण्याच्या जोरावर चाके फिरविण्यासाठी जे कालवे खणले त्यांची एकूण लांबी नऊ किलोमीटर भरते.

आता या गिरण्यांत कामाला कोण, हे ऐकण्यासारखे आहे. शेतकऱ्यांच्या मुली! न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मेन या भागांतील खेड्यांतून पंधरा ते पंचवीस वर्षांच्या अविवाहित मुली आणल्या गेल्या. बापाला काळजी नको म्हणून कंपनीने खानावळीवजा वसतिगृहे बांधली आणि प्रत्येकीवर एक पोक्त बाई, बहुधा विधवा, नेमली. रात्री दहाला दार बंद. रविवारी चर्च सक्तीचे. आपल्याकडे भोंगा होतो तशी तिकडे घंटा होई. पहाटे उठण्याची घंटा, कामाची घंटा, जेवणाची घंटा. दिवसाचे बारा-तेरा तास काम. धागा तुटू नये म्हणून हवेत ओल टिकली पाहिजे, यासाठी खिडक्या खिळे ठोकून बंद ठेवीत. आत कापसाचा कस उडत असे तो फुप्फुसात जाई. एका गिरणीचे आता संग्रहालय केले आहे, बूट कॉटन मिल्स या नावाचे, आणि तेथे जुने माग आजही चालवून दाखवितात. आत जाताना कानांत घालावयाला बोळे देतात. मी ते घेतले नाहीत. मागाच्या आवाजाची मला लहानपणापासून सवय आहे, हे त्या पहारेकऱ्याला समजावून सांगणे मात्र जमले नाही.

तरीसुद्धा मुली येत राहिल्या, कारण हातात स्वतःचा पैसा येत होता. त्यातून कुणी भावाला शिकविले, कुणी बापाचे कर्ज फेडले, कुणी फक्त स्वतःला पुस्तके घेतली. संध्याकाळी व्याख्याने ऐकत. १८४० ते १८४५ या काळात ‘लोवेल ऑफरिंग’ नावाचे मासिक निघे, त्यातले लेखन सारे गिरणीतल्या मुलींचे. इंग्लंडचे कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८४२ साली लोवेलला आले, तेव्हा त्यांना या मासिकाचे फार कौतुक वाटले. (आपल्या स्मरणिकेला लेख मागता मागता चिटणीसबाईंच्या नाकी नऊ येतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.)

या मुलींनी संपही केले. १८३४ साली मालकांनी पगार कापला तेव्हा त्या बाहेर पडल्या. १८३६ साली खानावळीचा आकार वाढविला, म्हणजे दुसऱ्या हाताने पगारच कापला, तेव्हा दीड हजारांहून अधिक मुली पुन्हा बाहेर पडल्या. हॅरिएट हॅन्सन नावाची अकरा वर्षांची पोर त्यात होती. तिच्या खोलीतल्या थोरल्या मुली जावे की न जावे असे घुटमळत होत्या, तेव्हा ही पुढे झाली आणि मागे वळून पाहते तो सगळी रांग तिच्या मागे. तिची विधवा आई कंपनीच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहत असे. मुलीला आवर घालता आला नाही म्हणून कंपनीने त्या आईला कामावरून काढले. ही हकीकत हॅरिएटने स्वतः १८९८ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिली आहे. पुढे सेरा बॅग्ली या विणकर बाईने स्त्री कामगारांची संघटना उभी केली, दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्या जमविल्या, आणि १८४५ साली ती विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष द्यावयास उभी राहिली. समितीने ऐकून घेतले आणि काही केले नाही. दहा तासांचा कायदा त्या राज्यात व्हावयाला १८७४ साल उजाडले.

वरच्या दोन तारखा कृपा करून ध्यानात ठेवा: १८३४ आणि १८३६. त्या वेळी मागांवर जवळजवळ साऱ्या देशीच मुली होत्या. सात पिढ्यांच्या, प्रॉटेस्टंट, इंग्रजी बोलणाऱ्या. पगार कापावयाला मालकाला परक्याची गरज लागली नव्हती.

परके मात्र गावात होते. १८२२ साली कालवे खणण्यासाठी ह्यू कमिस्की नावाचा मुकादम तीस आयरिश बिगारी घेऊन चार्ल्सटाउनहून चालत आला होता. त्यांना कंपनीच्या नीटनेटक्या चाळींत जागा नव्हती. त्यांनी गावाबाहेर झोपड्या घातल्या. त्या भागाला पुढे ‘एकर’ असे नाव पडले. तेथे त्यांनी १८३१ साली सेंट पॅट्रिकचे देऊळ बांधले. कालवा खणून झाला तरी माणसे राहिली. मग १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजून भयंकर दुष्काळ पडला आणि बोटी भरभरून उपाशी माणसे आली. तोवर मालकांनी एकेका विणकरीकडे जादा माग दिले होते, मागांचा वेग वाढविला होता, आणि पगार होता तेथेच ठेवला होता. शेतकऱ्यांच्या मुली कंटाळून परत जाऊ लागल्या. कुणी शिक्षिका झाल्या, कुणी लग्न केले. त्यांच्या जागी आयरिश बायका उभ्या राहिल्या. ‘आयरिश आले म्हणून आमच्या मुली गेल्या’ असे लोक म्हणू लागले. माझ्या मते क्रम उलटा आहे. मुलींनी त्या कामाला नकार दिला, आणि ज्यांना नकार परवडत नव्हता त्या आत आल्या. याचा फायदा मालकांनी पुरेपूर घेतला, हेही तितकेच खरे. भुकेला माणूस दारात उभा असला की पगारवाढीची मागणी कानावर पडत नाही.

आयरिश लोक कॅथॉलिक, म्हणजे पोपचे हस्तक, अशी भीती तेव्हा घातली जाई. १८५४ साली त्या राज्यात परदेशी लोकांविरुद्धच्या पक्षाने निवडणूक जिंकली. पण त्याच लोवेलमध्ये १८३५ साली एक शहाणपणाचा करार झाला होता. आयरिश मुले सार्वजनिक शाळेत यावीत म्हणून त्यांच्या वस्तीत शहराच्या खर्चाने शाळा काढावयाच्या आणि शिक्षक कॅथॉलिक नेमावयाचे, असे गावच्या मंडळींनी आणि पाद्र्यांनी मिळून ठरविले. काही वर्षे ते चांगले चालले. ही शाळेची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

मध्यंतरी एक प्रसंग आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. लोवेलच्या गिरण्यांना लागणारा कापूस दक्षिणेत गुलामांच्या हातांनी पिके. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तो कापूस थांबला. साठलेल्या कापसाचे भाव कडाडलेले पाहून लोवेलच्या बहुतेक मालकांनी तो विकून टाकला, गिरण्या बंद केल्या आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. इंग्लंडच्या गिरण्यांनी मग हिंदुस्थानच्या कापसाकडे तोंड वळविले, मुंबईत सोन्याचा पाऊस पडला, आणि १८६५ साली युद्ध संपताच तोच पाऊस बुडवून गेला. एका गावातल्या मागावरचा धागा कुठे कुठे बांधलेला असतो पाहा.

युद्धानंतर गिरण्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आगगाड्यांनी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातून फ्रेंच बोलणारे शेतकरी आले. आले ते कुटुंबेच्या कुटुंबे, आठ-आठ दहा-दहा मुलांसह. आणि मुलेही गिरणीत. त्यांच्या दाटीच्या वस्तीला ‘लिटल कॅनडा’ म्हणत. घरात फ्रेंच, देवळात फ्रेंच, आणि देवळाच्या शाळेत अर्धा दिवस फ्रेंच. भाषा गेली की धर्म गेला, असे त्यांचे पाद्री सांगत. त्यांच्यावर किती राग असावा? १८८१ साली राज्याच्या कामगार खात्याच्या सरकारी अहवालातच त्यांना पूर्वेकडच्या राज्यांतले चिनी म्हणून हिणविण्यात आले. त्याच्या पुढच्याच वर्षी चिनी मजुरांना देशबंदीचा कायदा झाला, यावरून त्या शिवीची धार समजेल. त्या लोकांनी एवढा गिल्ला केला की खात्याला त्यांची बाजू ऐकण्यासाठी खास बैठक घ्यावी लागली. आणि आज लोवेलचा सर्वांत मोठा लेखक कोण म्हणून विचारा, तर जॅक केरुॲक हेच नाव येईल. १९२२ साली तो याच गावात फ्रेंच-कॅनडियन घरात जन्मला, आणि लहानपणी त्याच्या तोंडात फ्रेंचच होती. इंग्रजी तो शाळेत शिकला.

फ्रेंचांच्या पाठोपाठ, १८९० नंतर, ग्रीक आले. ते प्रथम एकटे पुरुष, एकेका खोलीत दहाजण. ते आयरिशांच्या ‘एकर’ भागातच घुसले. आयरिश तोवर पोलीस, नगरसेवक वगैरे झाले होते आणि त्यांना आता हे नवे लोक घाणेरडे वाटू लागले. ग्रीकांनी १९०६ ते १९०८ च्या सुमारास तेथे आपले देऊळ बांधले. सोनेरी घुमटाचे ते ‘होली ट्रिनिटी’ सेंट पॅट्रिकपासून चार पावलांवर आहे. दोन्हीकडच्या घंटा एकाच फेरीत ऐकू येतात. पोर्तुगीज, पोलिश, लिथुआनियन, आर्मेनियन, ज्यू असे आणखी कितीक आले, त्या सर्वांची नावे घेत बसत नाही.

१९२० साली गावची वस्ती १,१२,७५९ होती. १९२४ साली अमेरिकेने दारे लावून घेतली. ग्रीससारख्या देशाला वर्षाला अवघी शंभर माणसे, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांना तर प्रवेशच नाही. आता गावाचे भले व्हावयास हवे होते, नाही का? परकी माणसे यावयाची थांबली. पण गिरण्याच उठल्या. मालकांनी त्या दक्षिणेकडच्या राज्यांत नेल्या, कारण तेथे मजुरी स्वस्त आणि संघटना नाही. तेथे मागावर जे उभे राहिले ते बहुतेक देशी गोरेच होते. कपातीची सुरुवात परक्यांवाचून झाली होती, शेवटही परक्यांवाचूनच झाला. पुढची पन्नास वर्षे लोवेलने ओस पडण्यात काढली. १९८० साली वस्ती ९२,४१८ वर आली. ‘लिटल कॅनडा’ १९६० नंतर सुधारणेच्या नावाखाली जमीनदोस्त केला गेला. उरलेल्या गिरण्यांना इतकी वाण पडली, की १९७० च्या सुमारास मागांवर काम करणारे कसबी लोक दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशातून बोलवावे लागले. पोर्तो रिकोचे लोक त्याआधीपासून येऊ लागले होते. जुन्या गिरण्या पाडून टाकाव्यात असेही मत होते. त्या जतन करण्याचा कायदा १९७८ साली झाला, आणि त्यासाठी झटलेले लोकप्रतिनिधी पॉल साँगस हे एका ग्रीक घरातले, लोवेलचेच सुपुत्र.

आता मी ज्यांच्या शेजारी राहिले त्यांच्याकडे येते.

१९६५ साली अमेरिकेने देशवार वाटणीचा जुना कायदा रद्द केला. आपली मुलेबाळे तिकडे जाऊ शकली ती त्यामुळे. कंबोडियाच्या लोकांची वाट निराळी. १९७५ च्या एप्रिलात त्या देशात पोल पॉटच्या ख्मेर रूज टोळीची सत्ता आली. शहरे रिकामी केली, शिकलेल्यांना वेचून मारले, उरलेल्यांना शेतांवर उपाशी राबविले. पावणेचार वर्षांत पंधरा ते वीस लाख माणसे मेली. जी वाचली ती जंगलातून चालत थायलंडच्या सरहद्दीवरच्या छावण्यांत पोचली आणि १९८० च्या निर्वासित कायद्यानंतर अमेरिकेत आली. लोवेललाच का? घरे स्वस्त होती. वँग या संगणक कंपनीमुळे जुळणीच्या कामाला हात हवे होते (ही कंपनीही एका चिनी स्थलांतरिताने काढलेली). शेजारच्या गावात बौद्ध विहार झाला. आणि मग एकाचे पाहून दुसरा, टेक्सासमधली आत्या, कॅलिफोर्नियातला मामा, असे सगळे गोळा झाले. दहा वर्षांत या गावाने रूपच पालटले. अमेरिकेत कंबोडियन वस्तीत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा आणि दुसरा लोवेलचा. आज गावातला दर पाचांतला एक माणूस आशियाई वंशाचा आहे.

आलेल्यांत विधवा पुष्कळ. त्यांना इंग्रजी तर नाहीच, पण कित्येकींना स्वतःची लिपीही येत नव्हती, आणि रात्री झोप लागत नव्हती. मुले मात्र शाळेत जाण्याच्या वयाची. शाळा भरून वाहू लागल्या. मिळेल त्या जागेत वर्ग बसवू लागले. १९८७ साली पालक कोर्टात गेले. कोण पालक? स्पॅनिश बोलणारे आणि ख्मेर, लाओ, व्हिएतनामी बोलणारे. एकमेकांची भाषा कुणाला येत नव्हती, सभेत एकेक वाक्य तीन-तीनदा फिरे. तरी आयांनी तो लढा धरून ठेवला आणि शहराला तडजोड करावी लागली. त्यावर गावातल्या मतदारांनी १९८९ च्या निवडणुकीत इंग्रजी हीच शहराची अधिकृत भाषा असल्याचा कौल मोठ्या बहुमताने दिला. त्यांत पणजोबांसाठी आयरिश शिक्षक मिळालेले असतील, फ्रेंच शाळेत गेलेले असतील, घरी ग्रीक बोलणारे असतील. मला हे वाचून राग आला. मग गेल्या महिन्यात आपल्याच कार्यकारिणीत नव्या इमारतीतल्या तेलुगू बायकांना शिवणवर्गात घ्यावयाचे की नाही, यावर तास गेला तो आठवला. पूर्व भागातले पद्मशाली विणकर नसते तर सोलापूरची चादर कुठे असती, हे त्या वेळी कुणीच बोलले नाही. तो विषय पुढच्या बैठकीत आहे, म्हणून येथे लांबवीत नाही.

नगरपालिकेचे नऊ सभासद साऱ्या शहराच्या एकत्र मतदानाने निवडले जात, त्यामुळे वस्ती निम्मी बदलली तरी सभागृहात जवळजवळ सगळे गोरेच बसत. १९९९ साली रिथी उओंग हे निवडून आले; असे पद मिळविणारे ते देशातले पहिले कंबोडियन. पण ते अपवाद. २०१७ साली कंबोडियन व स्पॅनिशभाषी रहिवाशांनी मिळून दावा लावला, २०१९ साली तडजोड झाली, आणि २०२१ ची निवडणूक आठ विभागवार व तीन सर्व शहरातून अशा जागांसाठी झाली. जानेवारी २०२२ मध्ये सोखारी चाऊ हे महापौर झाले. त्यांच्या वडिलांना ख्मेर रूजने मारले होते. आईने सात मुलांना घेऊन जंगल आणि सरहद्द पार केली होती.

हे ऐकून सगळे गोड झाले असे समजू नका. २००२ साली अमेरिका व कंबोडिया यांच्यात करार झाला, तेव्हापासून ज्या निर्वासितांच्या नावावर जुना गुन्हा आहे आणि ज्यांनी नागरिकत्व घेतलेले नाही त्यांना कंबोडियाला पाठविता येते. तरुणपणी टोळीत शिरून शिक्षा भोगलेला, पुढे सरळ झालेला, दोन मुलांचा बाप असा माणूस एके दिवशी बोलावणे येऊन जातो. कित्येकांचा जन्मच थायलंडच्या छावणीतला. ज्या देशात पाठवितात तो त्यांनी पाहिलेलाही नाही. आईने कागद भरला नव्हता, कारण कागद वाचता येत नव्हता, एवढ्या कारणाने.

आमच्या शेजारच्या घरात अशा एक आजी होत्या, माझ्याच वयाच्या. परसात त्यांनी गवती चहाची दाट रांग लावली होती. पहिल्या दिवशी तो वास आला आणि मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. आम्ही त्याचा चहा करतो हे मी खुणांनी सांगितले. त्या तो हळद, लसूण यांबरोबर खलात कुटून कालवणाला लावतात. त्यांना इंग्रजी नाही, मला ख्मेर नाही. त्यांची नात मध्ये दुभाषी होई, पण तिची ख्मेर एवढी तुटपुंजी की आजी दोन मिनिटे बोलल्या तर ती म्हणे, “शी सेज ओके.” माझा नातूही मराठी समजतो आणि उत्तर इंग्रजीत देतो, त्यामुळे मी काही बोलले नाही. एकदा आजींनी शाळेकडे बोट दाखवून ‘क्रू’ असे म्हटले. क्रू म्हणजे शिक्षक. आपला गुरू तो. दोघींना इतका आनंद झाला की मग रोज एकेक शब्द शोधीत बसू. ‘फिआसा’ म्हणजे भाषा. त्यांची नात ज्या पथकात नाच शिके त्यात वानरांचे नृत्य होते. मी ओळखले, हा हनुमंत. त्यांच्याकडे रामायण आहे, रिअमकेर नावाचे. आजींनी मला ऑगस्टमध्ये नदीकाठच्या उत्सवाला नेले. १९९७ पासून दक्षिण-पूर्व आशियातले लोक मेरिमॅकवर लांब होड्यांच्या शर्यती लावतात. ज्या पाण्यावर माग चालले त्याच पाण्यावर.

आजींची मुलगी पन्नाशीची. छावणीतून आली तेव्हा लहान होती. आता इस्पितळात हिशेब पाहते आणि घराचा वरचा मजला भाड्याने देते. निघण्याच्या आधी मी त्यांच्याकडे निरोप घ्यावयास गेले तेव्हा ती भाडेकरूंच्या कटकटीने त्रासलेली होती. आफ्रिकेतले काँगोचे कुटुंब नुकतेच वर राहावयास आले होते. दोन खोल्यांत सातजण, म्हणाली. रात्रभर बोलतात, जिन्यात चपलांचा ढीग, आणि कुठला वास येतो कोण जाणे. मी विचारले, “तुम्ही लोक आलात तेव्हा घरमालक कोण होता?” म्हणाली, “ग्रीक.” “तो काय म्हणत असे?” ती थोडा वेळ हिशेबाच्या वहीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “हेच. फक्त आम्ही नऊजण होतो.” मग तिने वर हाक मारून त्या काँगोच्या बाईला जिन्यातल्या चपला उचलावयास सांगितले, आणि थंडीचे दिवस येत आहेत म्हणून खालच्या कोठीतला जादा हीटर घेऊन जा असेही सांगितले. त्या बाईला पहिले कळले नाही, दुसरे कळले.